राख, रिठा आणि पावडर

दिवाळी आठ दिवसांवर आली की महाराष्ट्रातील प्रत्येक घरात एक छोटीशी क्रांती घडते. माळ्यावरची पिंपे खाली उतरतात, फडताळातले डबे अंगणात उन्हाला बसतात, कोळ्यांनी वर्षभर खपून विणलेली जाळी केरसुणीच्या एका फटकाऱ्याने नाहीशी होतात आणि घरधनी हातात पिशवी व यादी घेऊन वाण्याच्या दुकानाकडे चालू लागतो. ही यादी मोठी वाचनीय असते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या यादीत रिठे, शिकेकाई, चिंच, धुण्याचा सोडा, बार साबण आणि निळीची पुडी असे पाचसहा जिन्नस असत. राख चुलीतून आणि माती परसातून फुकट मिळे. आजची यादी याच्या दुप्पट लांब. हाताने धुण्याची पावडर निराळी, यंत्राची निराळी, भांड्यांचा बार निराळा, फरशीचे पाणी निराळे, काचेचे निराळे, हातांचे निराळे आणि केसांचे तर विचारूच नका!

मौज अशी, की जुन्या यादीतले जिन्नस खरोखरीच भिन्न जातींचे होते. एक आंबट, एक खारट, एक फेसाळ, एक खरखरीत. नव्या यादीतल्या बाटल्या नि पुडे मात्र उघडून पाहिले, तर त्यांतील निम्म्याअधिक ठिकाणी एकाच कुळातली द्रव्ये निराळे रंग आणि निराळे सुवास लेवून बसलेली आढळतात. नावे अनेक, पण सारे एकाच माळेचे मणी.

हा विषय केवळ गृहिणींचा आहे असे कोणी समजू नये. आमचा शिरूर तालुका आणि शेजारचा दौंड तालुका यांच्या दृष्टीने तर तो अगदी दारातला आहे. शिरूर गाव घोड नदीच्या काठी. जुनी मंडळी गावाला अजून घोडनदी म्हणूनच ओळखतात. दौंड भीमेच्या काठी. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरे वरच्या अंगाला बसून रोज जे धुतात, त्याचे पाणी आमच्या शिवेवरून पुढे जाते. तेव्हा कशाने काय स्वच्छ होते आणि निघालेला मळ शेवटी कोठे जातो, हा हिशेब आम्ही मांडला नाही तर दुसरे कोण मांडणार?

धुणे, घासणे आणि न्हाणे

मी मराठीचा अध्यापक. रसायनशास्त्रात माझी गती बेताचीच. पण शब्दांकडे पाहण्याची खोड लागलेली आहे. आपल्या भाषेत स्वच्छतेची क्रियापदे किती आहेत हे एकदा मोजून पाहावे. कपडे धुतात, भांडी घासतात, पेले विसळतात, साबण लावलेले धुणे खळबळतात, देव उजळतात, जमीन सारवतात, लाद्या पुसतात, आणि डोक्यावरून न्हातात. अंघोळ रोजची, न्हाणे मात्र केसांचे. ‘आज मी न्हायले’ असे एखादी आजी म्हणाली, की शिकेकाई उकळली होती हे निराळे सांगावे लागत नसे.

ही क्रियापदे उगाच वेगळी नाहीत. प्रत्येकीच्या पोटात तिचे साधन दडलेले आहे. घासायला कण लागतो म्हणून राख किंवा विटेचा चुरा. उजळायला आंबट लागते म्हणून चिंच. न्हायला सौम्य फेस लागतो म्हणून शिकेकाई. सारवायला शेण. कोणता मळ कोणत्या वस्तूवर बसला आहे, हे पाहून साधन निवडायचे हा विवेक आपल्या बायाबापड्यांच्या बोलण्यातच मुरलेला होता. वर्गात शहरी वळणाच्या मुलांना विचारले, तर ‘क्लीन करणे’ या एका शब्दावर सारे भागते. साधन एक झाले, तसे क्रियापदही एकच उरले.

रिठ्याचे नाव पाहा. संस्कृतात याला अरिष्ट किंवा अरिष्टक म्हणतात आणि त्यावरूनच आपला रिठा झाला. ‘अरिष्ट’ म्हणजे मराठीत संकट. परंतु मूळ अर्थ ‘ज्याला इजा झालेली नाही’ असा. कापडाला इजा न करता ते धुणाऱ्या फळाला हे नाव शोभून दिसते यात शंका नाही. साबण हा शब्द मात्र परदेशी पाहुणा. अरबीत साबून, पोर्तुगीज भाषेत त्याचाच भाऊबंद, लॅटिनमध्ये सापो. असे हे मोठे गोत आहे. उलट शांपू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला. हिंदीतील ‘चांपो’, म्हणजे अंग चेपा, यावरून तो बनला. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढून तिकडच्या राजेरजवाड्यांना चंपीची गोडी लावली, आणि पुढे तो शब्द मालिशीवरून केसांच्या धुण्यावर घसरला. आज तोच शब्द बाटलीत भरून आपल्याकडे परत आलेला आहे.

आंबट, खारट आणि फेसाळ

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. त्या ग्रंथाचे सामाजिक शासन आपण टाकून दिले ते योग्यच झाले. परंतु त्या काळी कोणती वस्तू कशाने धूत याची नोंद म्हणून तो भाग वाचण्यासारखा आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांना क्षार, आम्ल व पाणी. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना ऊष म्हणजे खारी माती. बोकडाच्या केसांच्या कांबळ्यांना रिठे. तागाच्या वस्त्रांना पांढरी मोहरी. यादी जुनी खरी, पण आजच्या रसायनशास्त्राच्या अध्यापकाने वाचली तरी त्याला तीत मोठा दोष काढता येणार नाही.

पितळेच्या तांब्यावर जो काळसर थर चढतो तो धातूचा हवेशी आणि ओलाव्याशी झालेला संयोग असतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल तो थर विरघळवते आणि खालचा धातू मोकळा करते. येथे साबण कितीही चोळला तरी उपयोग नाही, कारण हा मळ तेलकट नव्हेच. तेलकट कढईचे गणित उलटे. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो तेलाशी मिळून तेथल्या तेथे थोडासा साबणच तयार करतो, आणि राखेचे बारीक कण उरलेला चिकटा खरवडून काढतात. नारळाची शेंडी आणि राख घेऊन बसलेली बाई एकाच वेळी दोन कामे उरकीत असे, एक रसायनाचे व दुसरे सुताराच्या पॉलिश-कागदाचे.

कल्हईवाला ‘कल्हईऽऽ’ करीत दारात यायचा तेव्हा त्याच्या पोतडीत कथलाबरोबर नवसागर असे. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवला की पांढरा धूर निघे, पोरे खोकत पळत आणि भांड्याचा आतला भाग लख्ख होई. त्याशिवाय कथील धातूला धरीतच नाही. म्हणजे नवसागर हेही एक शुद्धिद्रव्यच.

रिठा आणि शिकेकाई यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा ताण कमी करतात, म्हणून पाणी धाग्यात शिरते आणि फेस येतो. रिठ्याच्या पाण्यात क्षार नसतो. असलाच तर किंचित आंबटपणा असतो. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांचे धागे क्षाराने कुरतडले जातात, म्हणून शालू, पैठणी आणि शाल यांना रिठाच मानवतो. सोनारही दागिना रिठ्याच्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशाने घासतो. कोरड्या माळरानावर वाढणाऱ्या हिंगणबेटाच्या फळाच्या गरातही असाच फेस असतो.

आणि दिवाळीचे उटणे? अभ्यंगस्नानात आधी अंगाला तेल चोळायचे, मग ते काढायचे. चण्याचे पीठ नि मुलतानी माती तेल शोषून घेतात. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा ही सुगंधाची आणि त्वचेच्या हिताची सोय. कातडीतले सगळे तेल ओरबाडून न नेता जास्तीचे तेवढे काढावे, ही त्यातली खुबी.

परटाची भट्टी

कपड्यांचे शास्त्र मात्र परटाकडे होते. पाटबंधाऱ्याच्या पाण्याने खारावलेल्या शेतावर उन्हाळ्यात पांढरा फुलोरा फुटतो. दौंड भागातल्या शेतकऱ्याला तो चांगला ठाऊक आहे आणि नकोसाही आहे. परीटमंडळी जी खारी माती वापरीत ती याच जातीची. कपडे त्या मातीच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीवर रचून रात्रभर वाफ द्यायची आणि सकाळी नदीवर नेऊन दगडावर आपटायचे, असा क्रम.

घोडेच्या काठी राहणाऱ्या एका वृद्ध परीटमामांना मी एकदा विचारले, ‘मामा, भट्टीचे धोतर एवढे पांढरे कसे हो निघायचे?’

‘भट्टीनं पांढरं होत नसतंय सर,’ ते म्हणाले. ‘भट्टी मळ ढिला करती. पाणी त्याला घिऊन जातं. अन् मागं पिवळेपणा ऱ्हातो, तो ऊन खातं. ओलं कापड वाळवंटात पसरायचं, सुकत आलं की पुन्यांदा पाणी मारायचं.’

‘आता करता का कोणी भट्टी?’

‘आता कुठली? आता आमच्याकडं निस्ती इस्त्री ऱ्हायली.’

मामांच्या या दोन-तीन वाक्यांत धुण्याचे सारे शास्त्र आले. मळ सैल करणे, तो वाहून नेणे आणि डाग उजळणे ही तीन कामे वेगळी आहेत आणि त्यांना वेगळी साधने लागतात. याच परटाच्या घरी एक द्रव्य असे होते की ते कशालाच दाद देत नसे. ते म्हणजे बिब्बा. बिब्ब्याच्या रसाला चुन्याची जोड दिली की कापडावर पक्की काळी खूण उठते. कोणाचे धोतर कोणते, हे त्या खुणेवरून ओळखायचे. इंग्रजांनी तर बिब्ब्याला ‘खूण करण्याचे फळ’ असेच नाव दिले.

साबणाची अडत

साबण हा तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या लग्नातून होतो. सोबत ग्लिसरीन निघते. तेल आणि पाणी यांचे सख्य नाही हे आपण जाणतो. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. शिरूरच्या बाजार समितीत कांदेवाला शेतकरी आणि परगावचा व्यापारी यांची ओळख नसते; दोघांना ओळखणारा अडत्या मधे उभा राहतो आणि माल हलतो. साबण ही मळाची अडत आहे. तेलकट मळाचा बारीक थेंब करून त्याला चारी बाजूंनी घेरायचे आणि पाण्याच्या स्वाधीन करायचे, एवढेच त्याचे काम.

हिंदुस्थानात कारखान्याचा साबण आला तो विलायतेहून. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइटच्या वड्यांच्या पेट्या उतरल्या. परंतु साबणात जनावराची चरबी असते हे कळल्यामुळे सोवळ्याच्या घरांत त्याला मज्जाव होता. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास केवळ वनस्पती तेलांचा साबण काढून ही अडचण दूर केली. स्वदेशीचे वारे होतेच. पुढे टाटांच्या तेल गिरणीचा ५०१ बार घरोघरी पोचला. सुऱ्याने त्याच्या वड्या पाडून उन्हात सुकवून ठेवणे हे काटकसरी गृहिणीचे लक्षण समजले जाई, कारण सुका साबण कमी झिजतो.

जड पाणी आणि दौंडची काजळी

पण आमच्या भागात साबणाला एक जुना वैरी आहे, आणि तो म्हणजे येथले पाणी. पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग कोरडा. काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन विहिरीत उतरते. अशा जड पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. साबण त्या क्षारांशीच भांडत बसतो आणि त्याचा पांढरा साका कापडाला चिकटतो. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेण्यात आले. पाणी मिळाले, पण ते पुष्कळ ठिकाणी विहिरीपेक्षाही जड निघाले. जुन्या बाया आधी पाण्यात धुण्याचा सोडा टाकीत. सोडा ते क्षार खाली बसवतो आणि मग साबण कामाला लागतो.

दौंडची गोष्ट आणखी बिकट. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. वाफेची एंजिने होती तोवर रेल्वेच्या नोकरीतला माणूस घरी यायचा तो कोळशाची काजळी आणि यंत्राचे तेल अंगावर घेऊन. काजळी पाण्यात विरघळत नाही, तेलात मिसळली की धाग्यात घुसून बसते. रॉकेलने तेल सैल करायचे, मग सोड्यात उकळायचे, मग बार साबण घासायचा आणि तेही जड पाण्यात! ज्या गृहिणींनी हे वर्षानुवर्षे केले, त्यांच्या मनगटांना विचारल्याशिवाय कोणी जुन्या काळाचे गोडवे गाऊ नयेत.

या मनगटांना सुटका मिळाली ती कृत्रिम द्रव्यांनी. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला तेव्हा तेथील रसायनतज्ज्ञांनी १९१६ साली तेलाशिवाय फेस करणारे द्रव्य तयार केले. १९४६ साली अमेरिकेत टाइड नावाची पावडर निघाली आणि पुढच्या सातआठ वर्षांत तिच्या जातीच्या पावडरींनी तिकडे साबणाला मागे टाकले. ही द्रव्ये जड पाण्याला भीत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. आपल्याकडे १९५९ साली सर्फ आली. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरच्या घरी पावडर करून सायकलवरून विकायला आरंभ केला, ती निरमा. तिची किंमत सर्फच्या एक-तृतीयांशाच्याही आत होती. पावडर ही चैनीची वस्तू न राहता मजुराच्या झोपडीत गेली आणि दगडावर आपटण्याऐवजी बादलीत भिजवण्याची चाल पडली.

या पावडरीत असते काय? मुख्य द्रव्य ते, ज्याला बाजारात ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात. ते खनिज तेलापासून निघते. त्याला सोडा देऊन शांत करायचे, भरीला मीठ किंवा दुसरा एखादा क्षार घालायचा, मग रंग नि वास. बचत गटाच्या महिलाही ही पावडर घमेल्यात कालवून करतात. उंची पावडरींत आणखी दोन गोष्टी असतात. पहिली एंझाइम, म्हणजे रक्त, दूध, अन्न यांचे डाग पचवणारे पाचकद्रव्य. ही कल्पना जर्मनीत १९१३ सालीच निघाली होती. दुसरी म्हणजे उजाळा देणारे द्रव्य. ते उन्हातले न दिसणारे किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते. आपली जुनी नीळ थोड्या निराळ्या रीतीने तेच साधत असे. पिवळ्यावर निळ्याची छटा पडली की डोळ्याला पांढरे वाटते. या दोहोंनी रतिभरही मळ निघत नाही, निघाल्याचे समाधान तेवढे मिळते.

फेस कोठे गेला?

समाधानाचा दुसरा धनी म्हणजे फेस. फेस आला म्हणजे स्वच्छ झाले, असे आपण धरून चालतो. वास्तविक यंत्रासाठी निघालेल्या पावडरी मुद्दाम कमी फेसाच्या करतात आणि त्या धुतात चांगल्या. पण बादलीत फेस दिसला नाही की हात पुन्हा पुड्यात जातो.

हा फेस मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत जातो. १९५०नंतर युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचू लागले, कारण त्या वेळच्या पावडरीतील द्रव्याची साखळी फाटे फुटलेली होती आणि पाण्यातल्या जंतूंना ती पचत नव्हती. १९६५च्या आगेमागे कारखानदारांनी सरळ साखळीचे द्रव्य आणले. ते जंतूंना पचते. आज आपल्याकडेही मुख्यतः तेच वापरतात. मात्र ते पचायला पाण्यात प्राणवायू लागतो. नदीतच प्राण उरला नसेल तर जंतू तरी काय करणार?

येथे आमचा प्रश्न सुरू होतो. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठेचा पुण्यात संगम होतो, आणि ती मुळामुठा थेऊरवरून पूर्वेकडे येऊन रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. (महागणपतीचे रांजणगाव ते हे नव्हे.) त्याआधी तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळालेली असते. त्याच इंद्रायणीवर आळंदीला गेल्या काही वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना लोकांनी पाहिले. तो सारा फेस घरच्या धुण्याचा नाही. कारखान्यांचे पाणी आणि शहरांचा मैला त्यात आहे. पण आपल्या बादलीचा वाटा त्यात नाही, असे म्हणण्याची सोय नाही.

फेसापेक्षाही अवघड गोष्ट फॉस्फेटची. जड पाणी मऊ करण्यासाठी पावडरीत फॉस्फेट घालण्याची पद्धत टाइडपासून पडली. फॉस्फेट म्हणजे वनस्पतींचे खत. अमेरिकेतील ईरी सरोवर १९६०नंतर शेवाळाने भरून गेले तेव्हा लोक जागे झाले आणि पुढे अनेक ठिकाणी फॉस्फेटावर बंधने आली. आमच्याकडे मैल्यातले आणि धुण्यातले खत मिळून जलपर्णी पोसतात. मुळामुठा आणि भीमा यांच्या संथ डोहांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. दिसायला सुंदर, पण खाली उजेड नाही, हवा नाही, मासा नाही. कोळ्याचे जाळे त्यात अडकते आणि शेतकऱ्याच्या मोटारीची फूटव्हॉल्व्ह तुंबते. दौंडवरून पुढे हे पाणी उजनीच्या जलाशयात साचते. १९८० साली पुरे झालेले हे ११७ टी.एम.सी.चे धरण सोलापूरची तहान भागवते.

निसर्गाचे सगळेच निर्मळ नव्हे

मग परत रिठ्याकडे वळावे काय? हल्ली ‘नैसर्गिक’ असे छापलेली बाटली चढ्या दराने खपते, म्हणून दोन शब्द सांगणे भाग आहे. रिठ्यातले सॅपोनिन माशांना विषारी असते. गेळ्याची फळे ठेचून डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीत आपल्याकडे होती, तीही सॅपोनिनचीच करामत. बिब्बा पूर्ण नैसर्गिक आहे. पण त्याचे तेल अंगाला लागले की फोड उठतात. उलट कृत्रिम म्हटलेले सगळेच दुष्ट नाही. २०२० सालच्या साथीत साध्या साबणाने विषाणूचे स्निग्ध कवच फोडून किती जीव वाचवले याचा हिशेब नाही. राज्यातल्या साखर कारखान्यांनीही त्या वर्षी मद्यार्कापासून सॅनिटायझर केले. आमच्या उसाचा तो अनपेक्षित उपयोग.

शिवाय कोट्यवधी माणसांचे कपडे पुरतील इतके रिठे झाडांना लागणार कोठून? भट्टीला लाकूड आणि नदीला पाणी आणायचे कोठून? जुनी साधने थोड्या माणसांच्या, भरपूर पाण्याच्या आणि बायकांच्या अमाप कष्टांच्या जगातली होती. त्यातले सगळे परत येणार नाही आणि यावे असेही मला वाटत नाही. परत यायला हवा तो त्यातला विवेक. जसा मळ तसे साधन, आणि लागेल तेवढेच.

हा विवेक आचरणात आणायला फार विद्वत्ता लागत नाही. तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू नि मीठ पुरे. मात्र लगेच धुऊन कोरडे करावे. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा लावू नये, तो धातूच खातो. रेशमाला आणि लोकरीला एंझाइमची पावडर दाखवू नये. जे द्रव्य दुधाचा डाग पचवते ते लोकरीलाही सोडत नाही. फराळाची तेलकट कढई आधी जुन्या कागदाने किंवा चमचाभर पिठाने पुसून घ्यावी, म्हणजे साबण निम्मा लागतो. सोड्याच्या पावडरीचे पाणी रोज कुंडीत ओतू नये. सोड्याने माती चोपण होते, हे आमच्या शेतकऱ्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. घरी धुणेभांड्याला येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या दिसल्या तर पावडर बदलावी आणि हातमोजे आणून द्यावेत. आणि संडासाचे ॲसिड व ब्लीचिंग पावडर ही दोन कधीही, कोणत्याही कारणाने एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि दारे-खिडक्या लावलेल्या मोरीत तो जिवावर बेततो.

राहता राहिली पावडरीची मात्रा. पुड्यावर माप छापलेले असते. ते कंपनीने छापले असल्यामुळे त्याहून अधिक घालण्याचे काही कारण नाही. पुष्कळ घरांत मात्र ती मुठीने पडते, आणि मूठ ज्याची त्याची. शहरांनी आपले सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे, ही मागणी आम्ही खालच्या गावच्या लोकांनी लावून धरलीच पाहिजे. त्यात कुचराई नको. परंतु शिरूरच्या मोरीतले पाणीही घोडेतून भीमेलाच जाते. आमच्या खालीही गावे आहेत. सिद्धटेकच्या घाटावर कोणी ओंजळ भरतो, उजनीच्या काठी कोणी पिण्याची घागर भरतो, आणि पुढे पंढरपुरात तीच भीमा चंद्रभागा होते. तेथे लक्षावधी वारकरी ते पाणी तीर्थ म्हणून डोक्यावर घेतात.

म्हणून या दिवाळीत पावडरीच्या डब्यात एक चमचा ठेवावा, आणि तो सपाट भरावा.